दानपेटीचा हिशेब लिहिता लिहिता

आमच्या अमरावती जिल्ह्यातल्या दर्यापूर-अंजनगावच्या खारपाण पट्ट्यात पाणी खारट आहे, पण शिकलेल्या पोरांची कमी नाही. घरटी एक तरी बी.ए., बी.कॉम. सापडतं. तालुक्याचं कॉलेज, सकाळची एसटी, तीन वर्षं अशीच जातात. निकाल लागला की पेढे वाटून होतात आणि दुसऱ्या दिवसापासून भरतीचे फॉर्म सुरू होतात. २०२३ च्या तलाठी भरतीची जाहिरात ४,६४४ जागांची होती. अर्ज आले दहा लाखांवर. खुल्या गटाला फी १,००० रुपये आणि राखीव गटाला ९००. आमच्याकडे ती फी बहुतेक घरांतून कापसाच्या नाहीतर सोयाबीनच्या पैशातूनच गेली. नंबर लागला नाही की पुढची जाहिरात, पुन्हा फी, आणि मधल्या काळात वय वाढत राहतं. घरी पाहुणे आले की बाप विषय बदलतो.

या सगळ्यात देवळाचं, मठाचं, विहाराचं, प्रार्थना मंदिराचं काय काम, असं मला कोणी विचारलं तर माझ्याकडे उत्तर आहे. मी आज तालुक्याला सीएच्या ऑफिसात हिशेबाचं काम करते आणि त्या कामाचं शिक्षण मला गावच्या मारुती संस्थानात, म्हणजे देवळाच्या ट्रस्टमध्ये, मिळालं.

कॉलेजला मी नावं ठेवणार नाही, तिथल्या सरांनी जीव तोडून शिकवलं. रोजकीर्द, खतावणी, तेरीज, ताळेबंद, सगळं मी लिहिलं होतं. पण ते 'अ' आणि 'ब' यांच्या भागीदारीचं, नफा-तोटा वाटणीचं प्रमाण दोनास एक, आणि उत्तर पुस्तकाच्या मागे छापलेलं. खरं बिल, खरी पावती, बँकेचं खरं पासबुक समोर ठेवून नोंद करायची वेळ तीन वर्षांत एकदाही आली नव्हती. ऑडिट म्हणजे काय, हे मला व्याख्येपुरतं ठाऊक होतं.

संस्थानचे सचिव म्हणजे जिल्हा परिषदेतून निवृत्त झालेले गुरुजी. पदवीनंतर घरी बसले होते त्या उन्हाळ्यात ते आमच्या ओसरीवर आले आणि म्हणाले, "पोरी, तू बी.कॉम. झाली ना? मंग संस्थानचा हिशेब पाय जरा. आडिट अडून राह्यलं, आन् अध्यक्षाले काही समजत नाही."

बाबा लगेच म्हणाले, "जाय. देवाचं काम हाय."

ते 'देवाचं काम हाय' फार मोलाचं होतं. याच बाबांनी तालुक्याला टायपिंगच्या क्लासला संध्याकाळच्या बॅचला जायला मला नाही म्हटलं होतं. एसटी उशिरा येते आणि लोक बोलतात, म्हणून. देवळात मात्र मी रात्री नऊपर्यंत वह्या घेऊन बसले तरी कोणाची भुवई वर गेली नाही. गावातल्या पदवीधर मुलीला घराबाहेर बसून काम करायला सुरक्षित आणि सगळ्यांना मान्य असलेली जागा किती कमी आहे, हे तिथं बसल्यावरच मला नीट कळलं. एक अडचण होती, ती सांगते. महिन्यातले चार दिवस मंडपात यायचं नाही, हा दंडक आमच्याकडे अजून आहे. गुरुजींनी वाद न घालता वह्यांचं कपाट मंडपातून काढून बाहेरच्या बाजूनं दार असलेल्या खोलीत नेलं. त्या खोलीत कोणत्याही दिवशी येऊन बसता यायचं. दंडक मला पटत नाही, आजही नाही. पण गुरुजींनी कपाट हलवलं नसतं तर दर महिन्याला माझं काम चार दिवस खोळंबलं असतं.

पहिलं मोठं काम आलं दानपेटी उघडायचं. हनुमान जयंती होऊन गेली की पेटी उघडतात. पेटीला दोन कुलपं. एक चावी अध्यक्षांकडे, दुसरी सचिवांकडे. मंडपात सतरंजी अंथरून त्यावर पांढरी चादर, भोवती विश्वस्त, गावातले दोन पंच, आणि नाणी वेगळी करायला पोरंटोरं. पेटी उलटी केली की धपकन सगळं पडतं. घामानं ओल्या झालेल्या, विडीसारख्या गुंडाळलेल्या दहाच्या नोटा. कुंकवानं लाल झालेली नाणी. खोबऱ्याचे वाळके तुकडे, चलनातून केव्हाच गेलेले चार आणे, एखादं चांदीचं जोडवं. नोटा एकेक करून उलगडायच्या, तळहातानं सरळ करायच्या, किमतीप्रमाणे गड्ड्या लावायच्या. नाणी बँक शंभर-शंभर नाण्यांच्या पुड्यांत मागते, म्हणून तशा पुड्या. फाटकी नोट वेगळी, खोटी वाटली तर तिची वेगळी नोंद. जोडवं रकमेत धरायचं नाही, वजन करून दागिन्यांच्या नोंदवहीत लिहायचं. शेवटी पंचनाम्यावर सह्या आणि त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी, बँकेत भरणा. मोजलेली रक्कम, पंचनाम्यातली रक्कम आणि बँकेच्या भरणा-चलनावरची रक्कम, तिन्ही एक आल्या पाहिजेत.

त्या पहिल्या मोजणीत नोटांच्या गठ्ठ्यात एक घडी केलेला कागद सापडला. पोलीस भरतीच्या हॉल तिकिटाची झेरॉक्स. मागच्या बाजूला निळ्या पेनानं लिहिलेलं, 'मारुतीराया, यंदा लागू दे.' फोटोवरून पोरगा कोण ते सगळ्यांना कळलं. कोणी काही बोललं नाही. गुरुजींनी कागद घडी करून देवाच्या पायाशी ठेवला. मला त्या क्षणी फार वाटलं की या पोरानं आपली मागणी योग्य जागी टाकली आहे, आणि ती ऐकायची जबाबदारी चादरीभोवती बसलेल्या आम्हा सगळ्यांचीही आहे.

त्यानंतर जुन्या वह्या उघडल्या. तिथून माझं खरं बी.कॉम. सुरू झालं. संस्थानचं उत्पन्न नुसतं दानपेटीचं नसतं. गावात पावतीपुस्तकावर वर्गणी होते. हंगामात लोक पैशाऐवजी तूर देतात, सोयाबीन देतात. त्याचे कट्टे बाजार समितीत जातात आणि अडत्याची हिशेबपट्टी येते. त्या पट्टीतून हमाली, तोलाई वजा झालेली असते. नोंद पूर्ण रकमेची करायची आणि खर्च वेगळा दाखवायचा, नुसती हाती आलेली रक्कम लिहायची नाही. संस्थानचं वावर दरवर्षी हर्रास, म्हणजे लिलाव, करून मक्त्यानं कसायला जातं. मक्त्याची अर्धी रक्कम आधी येते, अर्धी पीक निघाल्यावर. आता ३१ मार्चला जी रक्कम यायची बाकी आहे ती या वर्षाच्या उत्पन्नात धरायची की पुढच्या? पुस्तकात हा प्रश्न मी सोडवला होता. पण मक्तेदार आपल्याच गल्लीत राहतो, गेल्या वर्षी गुलाबी बोंडअळीनं त्याचा कापूस गेला आणि बाकी येईल की नाही याची खात्री नाही, हे सगळं माहीत असताना तो प्रश्न सोडवणं निराळं.

सगळ्यात जास्त शिकवलं ते एका शेतकरी काकूंच्या देणगीनं. नवऱ्याच्या नावानं त्यांनी ११,००० रुपये दिले होते आणि सांगितलं होतं की मुद्दल ठेवा, दरवर्षी पुण्यतिथीला व्याजातून अन्नदान करा. वहीत ती रक्कम साध्या वर्गणीत लिहिली गेली होती आणि मंडपाच्या पत्र्यांत खर्च झाली होती. वाईट हेतू कोणाचाच नव्हता. पण जी रक्कम कायम ठेवायची म्हणून आली ती कायम निधीत जाते, ताळेबंदात वेगळी दिसते, आणि ती मोडता येत नाही. गुरुजींनी हा विषय सभेत मांडला. विश्वस्तांनी आपसात वर्गणी करून तेवढी रक्कम भरून काढली आणि काकूंच्या नवऱ्याच्या नावाच्या निधीची बँकेत मुदत ठेव केली. ठेवीची पावती मी स्वतः काकूंना नेऊन दाखवली. त्यांना वाचता येत नव्हतं, म्हणून नावावर बोट ठेवून सांगितलं. हिशेबाच्या एका ओळीमागे कोणाचा तरी माणूस असतो, ही जाणीव तेव्हापासून माझ्या हातात बसली आहे.

ऑडिटसाठी तालुक्याचे सीए साहेब आले. अशा संस्थानांना लागू होणारा कायदा म्हणजे महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम, १९५० चा. त्याखालच्या नमुन्यात ताळेबंद अनुसूची आठमध्ये आणि उत्पन्न-खर्चाचं पत्रक अनुसूची नऊमध्ये. विश्वस्त बदलले तर नव्वद दिवसांत धर्मादाय कार्यालयाला बदल अर्ज द्यावा लागतो. आमच्याकडे दोन विश्वस्त वारलेले, त्यांची नावं अजून कागदावर जिवंत. देणगीदाराला आयकरात ८०जी ची सूट हवी असेल तर दोन हजारांच्या वरची देणगी रोख घेऊन चालत नाही. हे सगळं साहेब बोलता बोलता सांगत गेले आणि मी लिहून घेत गेले. ते प्रत्येक नोंदीला एकच विचारायचे, "याचं व्हाउचर कुठाय?" आचाऱ्याला दिलेले पैसे, मंडपवाल्याचे पैसे, कीर्तनकार महाराजांचं मानधन, दर वेळी तोच प्रश्न. ज्या नोंदीला कागद नव्हता त्याची मी आधीच वेगळी यादी केली होती. ती यादी पाहिल्यावर त्यांनी गुरुजींना विचारलं, "ही पोरगी कुठं कामाला आहे?"

पुढच्या महिन्यापासून मी त्यांच्या ऑफिसात जाऊ लागले. मुलाखत अशी झालीच नाही. टॅली हे हिशेबाचं सॉफ्टवेअर तिथं शिकले. बाबांनी या वेळी एसटीच्या वेळेचा विषय काढला नाही.

आता ही माझ्या एकटीची गोष्ट राहू नये, म्हणून आजूबाजूला मला दिसलेलं सांगते. गावच्या बौद्ध विहारात अभ्यासिका आहे. टेबलं साधी, वर दोन ट्यूबलाइट, भिंतीला बाबासाहेबांचा फोटो आणि कपाटात स्पर्धा परीक्षांची पुस्तकं. १४ एप्रिलच्या वर्गणीतून दरवर्षी काही रक्कम पुस्तकांसाठी बाजूला काढायची, असं तिथल्या मंडळींनी ठरवलं आणि ते पाळलं. रात्री अकरालाही तिथं दिवा दिसतो. नागपूरला दीक्षाभूमीवर १९६४ पासून कॉलेज उभं आहे, ते मोठं काम. पण आमच्या विहारातल्या त्या चार टेबलांवरून पोरं पोलिसात लागली, एक मुलगी ग्रामसेवक झाली. अभ्यासिकेत कोणत्या समाजाचा म्हणून विचारत नाहीत. आमच्या आळीतली पोरंही तिथं बसतात आणि पुस्तकं घरी नेतात. अशी अभ्यासिका मारुतीच्या मंडपात का नसावी, हा प्रश्न मी आमच्या सभेत विचारला आहे आणि विचारत राहणार आहे.

गुरुदेव सेवा मंडळाची शाखाही गावात आहे. तुकडोजी महाराजांनी १९३५ साली मोझरीला गुरुकुंज आश्रम उभारला, तिथून ही सामुदायिक प्रार्थना गावोगाव पोचली. आमच्याकडे प्रार्थनेनंतर कोणी तरी उभं राहून दहा मिनिटं बोलतं. विषय शेतीचा, दारूबंदीचा, पाण्याचा, काहीही. बी.ए. झालेला एक पोरगा तिथं पहिल्यांदा उभा राहिला तेव्हा त्याच्या हातातली वही थरथरत होती. वर्षभर बोलत गेला. पुढं एका बियाण्याच्या कंपनीत शेतकऱ्यांच्या सभा घ्यायचं काम त्याला मिळालं, तेव्हा त्याला शंभर माणसांसमोर उभं राहायची भीती उरली नव्हती. कॉलेजात तो शेवटच्या बाकावर बसणारा होता.

शेगावला गजानन महाराज संस्थानात गावोगावचे सेवाधारी पाळीनं जातात, हे विदर्भात कोणाला सांगायला नको. संस्थानचं इंजिनिअरिंग कॉलेज १९८३ पासून आहे. पण मला त्याहून मोठी वाटते ती तिथली शिस्त. हजारो माणसांची रांग, चपलांचा ठेवा, महाप्रसादाच्या पंगती, आणि प्रत्येकाशी 'माउली' म्हणून बोलणं. आमच्या गावचा एक पोरगा तिथं सेवेला जायचा, आता अमरावतीला एका दवाखान्याच्या स्वागत कक्षात आहे. चिडलेल्या नातेवाइकाशी कसं बोलायचं, हे त्याला कोणी शिकवावं लागलं नाही.

या सगळ्याची पाळंमुळं आमच्या मातीतच आहेत. माझ्या पदवीवर ज्यांचं नाव छापलेलं आहे ते गाडगेबाबा अंजनगावजवळच्या शेंडगावचे. भांडी विका, हातावर भाकर घ्या, पण पोरांना शिकवा, असं ते कीर्तनात सांगत. त्यांची दशसूत्री आमच्याकडे शाळेच्या, दवाखान्याच्या, एसटी स्टँडच्या भिंतींवर रंगवलेली असते. भुकेल्याला अन्न, तहानलेल्याला पाणी, आणि त्याच यादीत 'बेकारांना रोजगार'. अन्नदान आमची संस्थानं जिवापाड करतात. रोडगे, वांग्याची भाजी, वरण, अख्खं गाव जेवतं, आणि ते व्हायलाच हवं. पण त्याच यादीतला रोजगार आपण वाचून पुढं जातो, याचं मला वाईट वाटतं. गाडगेबाबांनी दहाही गोष्टी एका दमात सांगितल्या होत्या.

रागही येतो, तो लपवत नाही. जिल्ह्यातल्या एका मोठ्या संस्थाननं माझ्या मैत्रिणीला हिशेबासाठी बोलावलं. ती एम.कॉम. आहे. सकाळी दहा ते सहा, रोजचं काम. पगाराचं विचारलं तर म्हणाले, सेवा आहे, महाराज देतील. त्याच वर्षी तिथं संगमरवरी कमान झाली. कमानीच्या ठेकेदाराला कोणी सेवा म्हणून काम करायला सांगितलं नसेल. चार दिवसांची सेवा आनंदाची असते, मीही करते. वर्षभराचं नियमित काम घ्यायचं आणि त्याला सेवा म्हणायचं, हे पोरीच्या शिक्षणाचा अपमान करणारं आहे. २०२४ साली शासनानं युवा कार्य प्रशिक्षण योजना काढली, त्यात पदवीधराला महिना १०,००० रुपये विद्यावेतन ठरवलं होतं. छोट्या संस्थानाला तेवढं जमणार नाही, पण महिन्याकाठी काही ठरावीक मानधन, तेही व्हाउचरवर सही घेऊन, इतकं तर कोणालाही जमतं. आमच्या गुरुजींनी मला पहिल्या वर्षापासून मानधन दिलं. रक्कम लहान होती, पण बँकेतून मिळाली आणि माझ्या पासबुकात तिची नोंद आहे.

मानधनासोबत त्यांनी मला एक पत्रही दिलं होतं. संस्थानच्या लेटरहेडवर नोंदणी क्रमांकासह. कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, कोणकोणतं काम केलं, रोजकीर्द, बँक जुळवणी, दानपेटी मोजणी, ऑडिटची तयारी, एकेक ओळ लिहून. 'मुलगी सुस्वभावी व होतकरू आहे' असलं काही नाही. आता ऑफिसात नवीन मुलांचे अर्ज माझ्या टेबलावर येतात तेव्हा असं पत्र असलेला अर्ज मी आधी वर काढते. सप्ताहात तेलाच्या पिप्यांचा साठा सांभाळला असेल तर तसं लिहा. दोन हजार माणसांच्या पंगतीचं किराणा सामान आणलं असेल तर तेही लिहा. हे काम आमच्या पोरांनी केलेलं असतं, पण त्याचा कागद कोणी देत नाही.

मी आता रविवारी संस्थानच्या त्या बाहेरच्या खोलीत बसते. वह्या मी लिहीत नाही, दोन मुली लिहितात. एक यंदाच बी.कॉम. झाली, दुसरी शेवटच्या वर्षाला आहे. ३१ मार्चचा हिशेब बंद झाला की सहा महिन्यांत ऑडिट व्हावं लागतं, म्हणून पावसाळाभर काम असतं. परवा दोघींमध्ये वाद झाला की कीर्तनकार महाराजांना नेणाऱ्या-आणणाऱ्या गाडीचं डिझेल प्रवासखर्चात घालायचं की सप्ताहाच्या खर्चात. पाऊण तास चालला. मी मध्ये पडले नाही. शेवटी मोठीनं मागच्या वर्षीची नोंद काढून दाखवली आणि धाकटीनं विचारलं, "पण मागच्या वर्षीचंच चूक असलं तर?" मला फार आनंद झाला. सीए साहेबांना विचारायचे प्रश्न लिहायला एक वेगळी वही आहे, त्यात तिनं तो प्रश्न लिहून ठेवला आहे.

धाकटीला टॅलीचा क्लास लावायचा आहे. तिच्या घरची फी द्यायची ऐपत नाही. संस्थानच्या येत्या सभेत मी विषय ठेवला आहे की दरवर्षी एका पदवीधराच्या अशा क्लासची फी संस्थाननं भरावी, आणि त्यासाठी आधी आमच्या नोंदणीतल्या उद्दिष्टांमध्ये शैक्षणिक मदत बसते का ते तपासावं. उद्दिष्टांची प्रत कपाटातून काढून झाली आहे. विश्वस्तांपैकी तिघं हो म्हणाले आहेत, दोघांना अजून समजावून सांगायचं आहे.